वळसंगच्या मातीतला स्ट्रायकर

जोसेफच्या वडिलांना झांबियातल्या तांब्याच्या खाणीने गिळलं, तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. आईने बाजारात सुकी मासळी विकून लेकरं वाढवली. मासळी खपली नाही की रात्री तीच खायची, आणि खपली की नुसता मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा. “न खपलेलीच बरी वाटायची,” असं तो हसत सांगायचा. प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळून केलेल्या चेंडूवर तो खेळला, मग खाणीच्या क्लबाकडून खेळला, आणि एके दिवशी रेडिओवर देशाच्या संघात त्याचं नाव वाचलं गेलं. आईने त्या दिवशी बाजारात मासळी फुकट वाटली.

तो माणूस सोलापुरात वारला, त्याला आता महिना उलटून गेला.

मी सोलापूरजवळच्या वळसंग गावचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि हे मी कुणालाही ताठ मानेने सांगतो. सोलापुरातल्या एका खासगी शाळेत मी खेळाचा शिक्षक आणि जोसेफ फुटबॉलचा कोच. देशासाठी पुढच्या फळीत खेळलेला माणूस आमच्या शाळेत कसा, असं लोक विचारायचे. गुडघा. चेंडू नसताना कुणीतरी मागून पाय घातला, वेळेवर ऑपरेशन झालं नाही. मग संघात नाव असायचं, पण मैदानात कुणी उतरवायचं नाही. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून त्याने अख्खा एक हंगाम काढला. त्या बाकाबद्दल तो जितकं बोलायचा, तितकं गोलांबद्दल कधी बोलला नाही. नंतर कोलकाता, गोवा, केरळातल्या गावोगावच्या स्पर्धा... दर वेळी जरा लहान संघ, जरा लहान मैदान. शेवटी आमचं.

त्याला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा मी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोठ्या अभिमानाने सांगितलं, “हे आंतरराष्ट्रीय खेळाडू.” अप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“व्हय? मग रन किती काढलं?”

“रन न्हाय अप्पा, गोल,” जोसेफ म्हणाला. एवढं मराठी तो शाळेतल्या पोरांकडून शिकला होता.

“बॅट न्हाय, काय न्हाय... नुसतं पळायचं? ते तर आमीबी पळतो की, म्हशीच्या मागं!”

जोसेफ पोट धरून हसला. त्या दिवसापासून सुट्टीला तो वळसंगलाच. आमच्या घरात मासळी-मटण चालत नाही. तो कडक भाकरी दुधात कुस्करून, वर शेंगाचटणी घेऊन खायचा. अव्वा, म्हणजे माझी आई, त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायची, तो त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं बरोब्बर जमायचं.

मग मूत्रपिंडं गेली. डायलिसिस सुरू झालं. आई तर केव्हाच वारली होती, पण त्याला तिच्या शेजारीच जायचं होतं. “मला घरी पाठव,” एवढंच तो म्हणायचा. घरात कुठलाही कागद आला की तो माझ्यापुढे येतो. वाटलं, हेही करू. दूतावासाला मेल लिहिले, फोन केले, चांगल्या इंग्रजीत बोललो. सगळे नीट बोलायचे. मुदत संपलेल्या पासपोर्टचं बघू म्हणायचे. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, हा विमानात तग धरणार नाही. शिकलो त्यातलं काहीच तिथं कामाला आलं नाही... मी त्याच्या खाटेपाशी नुसता उभा.

शहरात ख्रिश्चनांची दफनभूमी आहे, तिथं सोय होईल, असं मी त्याला हळूच सांगितलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं. “तिथं मला ओळखणारं कोण आहे?”

अप्पा त्या दिवशी त्याला बघायला आले होते. कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाले, “आमच्या शेतात चल की. आमच्यात जाळत न्हाईत, आमीबी मातीतच ठिवतो. माजा बाप तितंच हाय, आय हाय. उद्या मीबी तितंच येणार. वळख काय, होतीच.”

मी हिंदीत समजावून सांगितलं. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून पुरतात, तेही सांगितलं. जोसेफने मान वळवली.

“बसवून?”

“व्हय. मांडी घालून.”

“अप्पा, बसून लई झालं. मला आडवंच ठेवा.”

अप्पा एवढे हसले की नर्स आत आली. हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. पुढच्याच आठवड्यात जोसेफ गेला. घरी मात्र मी त्याला पोचवू शकलो नाही, ते नाहीच.

शहरातून पाद्री आले. अप्पांनी आजोबा-आजीच्या शेजारी लांब खड्डा काढून घेतला होता. पाद्रींची प्रार्थना झाली, मग अव्वाने न विचारता त्याच्या कपाळाला विभूती लावली; पाद्रींनी बाजूला सरून तिला जागा दिली. मी फोन धरून उभा होतो. फोनमध्ये त्याची बहीण होती. ती आमच्यासारखीच हंबरडा फोडून रडली, मग म्हणाली, शेजारी कोण कोण आहे ते दाखवा. मी आजोबांची जागा दाखवली, आजीची दाखवली. तिने दोघांना हात जोडले.

आता अप्पा रोज सकाळी शेतात गेले की तिघांपुढेही पाण्याचा तांब्या ओततात. दगडावर काय कोरायचं, ते त्यांनी माझ्यावर सोडलं. मी मराठीतच लिहिलं: जोसेफ. आपल्या देशाकडून फुटबॉल खेळला. गोल केले.