बिबट्याची जन्मठेप

कापडे गावच्या रानात धरलेल्या बिबट्याचा वास मला त्याच्या रूपाआधी आठवतो: जळलेले केस, मूत आणि लोखंडावर वाळत चाललेले रक्त. मी तेव्हा बारा वर्षांची होते. वडील महाडला जंगल खात्यात अधिकारी होते. पिंजरा त्यांनीच पाठवला होता, म्हणून त्या सकाळी मला घेऊन ते तिथे गेले.

आम्ही पोचलो तेव्हा सारे गाव पिंजऱ्यावर तुटून पडले होते. गजांतून भाले आत जात होते, पेटत्या चुडी आत जात होत्या. बिबट्या गज चावत होता. त्याचा एक सुळा मोडून मातीत पडलेला मी पाहिला. मग भाल्याचे टोक त्याच्या डोळ्यात शिरले. जो आवाज निघाला तो गुरगुरण्याचा नव्हता. ओले लाकूड उभे चिरावे, तसा होता.

सर्वांच्या पुढे एक बाई होती, हातात कोयता. आठवड्यापूर्वी या जनावराने तिची चार वर्षांची मुलगी अंगणातून उचलून नेली होती. सापडला तो फक्त एक हात, हिरव्या बांगडीसकट.

"दार उघडा," ती म्हणत होती. "मी आत जाते."

वडिलांनी तिचे मनगट धरले. मुंबईच्या प्राणिबागेला जिवंत बिबट्या पाठवण्याचे त्यांनी कबूल केले होते.

"बाई, मारलंस तर क्षणात सुटेल. मुंबईला त्याला जन्मठेप होईल."

"कधी सोडायचे नाय?"

"कधीच नाही."

तिने पिंजऱ्याकडे पाहिले. मग कोयता तिच्या हातून गळला. बिबट्या बैलगाडीने दासगावच्या बंदरावर गेला आणि तिथून बोटीने मुंबईला.

पुढच्या वर्षी आम्ही मुंबईला निघालो, तेव्हा ती बाई बंदरावर उभी होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, पण ती म्हणाली, "मला कैदी बघायचा हाय, रावसाहेब." वडिलांनी तिला बरोबर घेतले.

बागेत शिरताना वडील उत्साहाने सांगत होते. आधी ही केवळ झाडांची बाग होती, पिंजरे मागून आले. कुणी संस्थानिकाने, कुणा शेठाने जनावरे भेट दिली. शहरातल्या माणसाला रान कळावे, हा हेतू. बाई हरणांच्या कुंपणापाशी थबकली.

"यांनी कुणाचं पोर खाल्लं?"

वडील हसले आणि पुढे चालू लागले.

बिबट्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होता. एक डोळा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा. बिबट्याने डरकाळी फोडावी म्हणून कोटातला एक गृहस्थ गजांतून छत्री खुपसत होता. टोक नाकपुडीत घुसले, रक्त आले. गृहस्थाच्या मुलांनी टाळ्या पिटल्या.

बाईने छत्री हिसकावली आणि त्याच्या कपाळावर हाणली. पांढऱ्या कॉलरवर रक्त ओघळले.

"माझी पोर खाल्ली यानं! तुझं काय खाल्लं रे?"

पहारेकरी धावले. वडील मध्ये पडले आणि तिचे मनगट घट्ट धरून त्या गृहस्थाची माफी मागू लागले. ती त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"त्या दिवशी पण असाच हात धरलात. एका घावाचं काम होतं, रावसाहेब. तो पण सुटला असता, मी पण."

वडिलांनी तिचे मनगट सोडले.