बादलीला रकाना नव्हता

जगदेवीबाई २०११ च्या जूनमध्ये कामाला लागल्या. मी तेव्हा लातूरला एका खाजगी होस्टेलची रेक्टर होते. मेडिकलच्या तयारीला आलेल्या मुली, गावोगावच्या. तिसऱ्या मजल्यावरचा एक नळ तीन दिवस गळत होता आणि प्लंबर फोन उचलत नव्हता. झाडलोटीचं काम विचारायला आलेली ही बाई जिन्याशी उभी होती. म्हणाली, "म्याडम, पाना हाय का?" पाच मिनिटांत वायसर बदलून खाली आली. मी तिला झाडू दिलाच नाही, नळांच्या कामावर ठेवलं.

त्या निलंगा तालुक्यातल्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा १९९३ चा भूकंप झाला. आई आजारी म्हणून त्या उदगीरला माहेरी गेल्या होत्या. मुलाला ताप होता, म्हणून सासूनं त्याला ठेवून घेतलं होतं. नवरा, सासू आणि दोन वर्षांचा मुलगा दगडी भिंतींखाली गेले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, फ्लशची टाकी खोलून बसल्या असताना, मान वर न करता.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना एका संस्थेनं सहा बायकांना हातपंप दुरुस्त करायला शिकवलं. पाचजणींनी सोडून दिलं. जगदेवीबाई सायकलला पाने बांधून नऊ गावं फिरायच्या. पंधरा वर्षं फिरल्या. मग पाणी खोल खोल गेलं, पंप नुसती हवा ओढायला लागले आणि बाईंचं काम संपलं. म्हणून लातूर.

होस्टेलमध्ये त्या खुशीत होत्या असं मी म्हणणार नाही, पण नळ उघडून बसल्या की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. मुली त्यांना मावशी म्हणायच्या. कुठला नळ किती वेळात बादली भरतो हे त्यांना तोंडपाठ होतं.

२०१४ मध्ये आमचे मालक दयानंद सर कुठल्याशा बैठकीतून नवी गोष्ट ऐकून आले. इमारतीला हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळालं तर जादा बांधकामाला परवानगी मिळते. त्याच्या अटींत पाणी वाचवणारे नळ होते. महिनाभरात सगळे नळ बदलले. नव्या नळांच्या तोंडाशी बारीक जाळी होती, त्यातून पाणी हवा मिसळून फेसाळ यायचं. दिसायला भरपूर, पण मोजलं तर मिनिटाला चार लिटर.

आमचं पाणी बोअरचं, जड. पंधरा दिवसांत जाळ्यांवर पांढरा थर बसला. जगदेवीबाई दर रविवारी जाळ्या काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजत घालायच्या, जुन्या टूथब्रशनं घासायच्या. तरी मुलींची बोंब व्हायची. पाणी सकाळी साडेपाच ते साडेसहा, एवढंच. एका न्हाणीवर दहा मुली. पूर्वी दीड मिनिटात भरणारी बादली आता चार मिनिटं घ्यायची. सातच्या क्लासला उशीर झाला तर दार बंद. मुली कंपासच्या टोकानं जाळ्या उचकटून काढायला लागल्या.

"पोरींचं चुकत न्हाई," बाई मला म्हणाल्या. "हात धुयाच्या बेसिनला हे नळ लई चांगले. पण न्हाणीत बादली तेवढीच भरती की. पाणी वाचत न्हाई, नुसता येळ जातो."

मी म्हटलं, तपासणी होईपर्यंत गप्प राहा.

तपासणीला पुण्याहून इरा नावाची इंजिनिअर मुलगी आली. सल्लागार कंपनीची. कामचुकार नव्हती. प्रत्येक मजल्यावर गेली, लिटरचं माप लावून घड्याळ धरलं. जगदेवीबाई तिच्यासोबत होत्या आणि तिला नळ खोलून दाखवत होत्या. शेवटी त्यांनी तिला तेच बादलीचं सांगितलं. इरानं नीट ऐकून घेतलं.

"मावशी, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण नियमात माणूस नळ किती सेकंद चालू ठेवतो तेवढंच धरलंय. बादलीला रकानाच नाही."

मग ऑफिसात बसून तिनं विचारलं, "राहणाऱ्या मुली किती?"

दयानंद सरांनी माझ्याकडे पाहिलं. अर्जात आकडा होता दोनशे चाळीस, इमारतीला मंजुरी तेवढ्यांचीच होती. मी म्हणाले, "दोनशे चाळीस."

"चारशे अकरा," दारातून जगदेवीबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं मी चुकले.

सर हसले. "परीक्षेपुरत्या आल्यात त्या बाकीच्या. जातील. मॅडम, सांगा ना."

माझी मुलगी भार्गवी त्या वर्षी सरांच्याच मेडिकलच्या क्लासला होती, फीच्या सवलतीत. मी म्हणाले, "हो, तात्पुरत्या आहेत." इरानं पेनचं टोक त्या आकड्यावर टेकवलं. तिला कळलं होतं, असं मला आजही वाटतं. मग तिनं अर्जातला आकडा तसाच ठेवला आणि मी खाली सही केली.

त्या दिवसापासून जगदेवीबाई मला फक्त "जी म्याडम" म्हणायला लागल्या.

प्रमाणपत्र आलं. काचेच्या चौकटीत दर्शनी भिंतीवर लागलं. वाचवलेल्या पाण्याच्या आधारावर गच्चीवर बारा खोल्या चढल्या आणि त्यांत साठ मुली आल्या. बोअर तेच. पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला. आठशे फुटांवरून गढूळ धार यायची, मग तीही थांबली. २०१६ च्या उन्हाळ्यात शहरात रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्याकडे दर चौथ्या दिवशी टँकर येत होता. मुलींना घरी पाठवून दिलं.

जगदेवीबाई रिकाम्या होस्टेलमध्ये एकेक नळ उघडून बंद करत फिरायच्या. "कोरडे ठिवले की वायसर वाळत्यात," म्हणायच्या.

पाऊस झाला, मुली आल्या, आणि प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा कागद आला. त्यात सल्लागारांनी लिहिलं होतं, देखभालीला प्रशिक्षित, प्रमाणित प्लंबर हवा. बाईंनी पिशवीतून हातपंपाचा दाखला काढला. घडीवर फाटलेला. संस्था केव्हाच बंद पडलेली. सरांनी तो न उघडता परत दिला. "संडास-बाथरूम धुवायचं काम आहे, करायचं तर करा."

त्यांनी आठ महिने केलं. नवा प्लंबर एजन्सीचा, महिन्यातून एकदा यायचा. नळ गळायचे. बाई शेजारी फरशी घासत असायच्या. एकदा मीच म्हटलं, "जगदेवीबाई, एवढं आवळा ना."

"माझं काम न्हाई म्याडम ते," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

२०१७ च्या मार्चमध्ये त्या गावी निघून गेल्या. मे महिन्यात मी एसटीनं त्यांच्या गावी गेले. पुनर्वसनाची एकसारखी घरं. त्यांच्या घरापुढे योजनेचा नळ होता, त्याच्या तोंडात कुणी चिंधी कोंबली होती. मी ठरवून गेले होते, त्या आकड्याबद्दल माफी मागायची. मागितली.

त्यांनी मला चहा दिला. म्हणाल्या, "तुमी खरं बोलल्या असता तरी सरानी लिवलंच असतं काय तरी." मग चाचरत, "म्याडम, माझ्या थोरल्या भावाची नात हाय, उदगीरला. तनुजा. धाव्वीचे पेपर चांगले गेल्यात. तिला मेडिकलचं करायचंय. तुमच्याकडं जागा व्हईल का? पाण्याचं म्हणाल तर पोरगी सोसती."

मला नाही म्हणता आलं नाही. तनुजा जूनमध्ये आली. गच्चीवरची खोली मिळाली, पत्र्याची. दीड वर्ष राहिली. दुसऱ्या वर्षी अंगभर खरूज झाली, सकाळी तिचा नंबर लागायच्या आत पाणी जायचं. डिसेंबरमध्ये तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. परीक्षेला ती बसली की नाही, मला ठाऊक नाही. जगदेवीबाईंना मी दोनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही.