झोंबणारं वाण

महाळुंगे पडवळला आमच्या घरामागे पाण्याची टाकी आहे. तिच्या कडेला टोमॅटोची चोवीस रोपं बसतील एवढी जागा. शेतातला टोमॅटो बाजाराचा आणि टाकीजवळचा घरचा, अशी वाटणी दादांनी, म्हणजे वडिलांनी, केलेली होती. घरच्यासाठी ते मुद्दाम लवकर पिकणारं, बुटकं वाण आणत. गणपतीत रोप लावलं की दिवाळीच्या आत पहिलं फळ लाल व्हायचं. ते फळ दादा तिथंच उभ्यानं खात. धोतराला पुसायचं, मीठ लावायचं आणि चार घासांत संपवायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, एका वर्षी त्यांनी पहिलाच घास थुंकला.

"झोंबतंय."

आईनं त्यांच्या हातातलं उरलेलं फळ घेऊन खाल्लं. "अवो, चांगलं ग्वाड तर हाय."

"तुला काय कळतंय? दुकानदारानं बी बदललंय."

मीही एक चाखलं. नेहमीसारखंच होतं. पण शेतीत शब्द दादांचा. पुढच्या वर्षी मी नारायणगावातल्या दुसऱ्या दुकानातून कमी आंबट वाण आणलं. आठवडाभर उशिरा येणारं होतं, तरी दिवाळीत सापडणारं. दादांनी आळ्यांत राख घातली, फळ झाडावरच पुरतं पिकू दिलं. तरीही झोंबलं.

शेजारचे भाऊ बांधावरून ओरडले, "दादा, आता बुंध्याला साखर घाला राव!"

दादा हसले. हसताना त्यांचं तोंड पुरतं उघडत नव्हतं. दात दुखत असतील, असं मला वाटलं.

तिसऱ्या वर्षी तिसरं वाण. या वेळी दादांना टोमॅटोला दात लावता येईना. आईनं चार फोडी केल्या, त्याही जाईनात, मग आठ केल्या. मला प्रत्येक गोष्टीचं माप घ्यायची खोड आहे. पूर्वी दीड भाकरी खाणारा माणूस आता पाऊण भाकरी दुधात कुस्करून खात होता आणि त्याला दुप्पट वेळ लागत होता. ताटातला ठेचा कधीच गेला होता. तंबाखूचा बार तेवढा डाव्या गालात सकाळपासून असायचा.

एका दुपारी आईनं दह्याची वाटी पुढं ठेवली. दादांनी एक चमचा घेतला आणि वाटी बाजूला सारली.

"झोंबतंय."

"आता दह्याचं बी वाण बदलायचं का?" आई म्हणाली.

कुणी हसलं नाही. दादा उठून टाकीकडे गेले. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी दादांना मंचरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दादांना स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तीही घासून. बॅटरीच्या उजेडात डाव्या गालात पांढरा चट्टा दिसला, मधोमध लाल.

"तंबाखू किती वर्षं?"

"मिसरूड फुटायच्या आदीपासनं."

डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पुण्याला पाठवला. मला बाहेर घेऊन म्हणाले, "कॅन्सर नाही असं आज मी म्हणणार नाही. रिपोर्ट येऊ द्या. पुण्याला जायची तयारी मात्र ठेवा." तंबाखू त्याच दिवसापासून बंद करायला सांगितली. तोंड आखडू नये म्हणून कुल्फीच्या काडीसारख्या चपट्या काड्यांची थप्पी रोज दातांमध्ये धरायची आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची, असंही सांगितलं.

घरी आलो तेव्हा टाकीजवळची झाडं फळांनी लगडली होती. बाजारात नव्या टोमॅटोला चांगला भाव होता. आमच्याकडे ते कुणी तोडत नव्हतं. पिकलेली फळं फुटून मातीत पडायला लागली, त्यांवर चिलटं घोंगावू लागली.

दादा नेमानं ओट्यावर बसून काड्या धरायचे. पहिल्या दिवशी चौदा मावल्या. चार दिवस चौदाच राहिल्या. पाचव्या दिवशी चौदावी काडी शिरेना. त्यांनी दोनदा दाबून बघितली, ओठ चिरला. मग थप्पी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"काड्या जाड आणल्यात तू," ते मला म्हणाले. "दुसऱ्या दुकानातनं आन."

आई दारात उभी होती. ती आत गेली आणि फडताळावरची पिशवी काढून तिच्यात त्यांची धोतरं घडी घालून ठेवू लागली.