टाकोच्या वहीचं पहिलं पान

टाको हा पदार्थ मी पहिल्यांदा पाहिला तो अबू धाबीबाहेरच्या मुसफ्फातल्या आमच्या कंपनीच्या किचनमध्ये. कंपनी केटरिंगची. लेबर कॅम्पला आणि ऑफिसांना रोजचं जेवण इथून जायचं. माझं काम क्वालिटीच्या नोंदी ठेवायचं : कुठल्या फ्रिजचं तापमान किती, डाळ किती वाजता उतरली, कुठला डबा कधी भरला. ही नोकरी मला अक्षरामुळे मिळाली. म्हणजे तसं आमचे हेड शेफ सांगायचे. इंटरव्ह्यूच्या दिवशी ते मॅनेजरला म्हणाले होते, "सर, पोराचं हँडरायटिंग बघा. छापल्यासारखं आहे." करमाळ्याच्या शाळेत रोज एक पान शुद्धलेखन काढायला लागायचं, त्याचं हे फळ. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे कुणी माझ्या शिक्षणाची अशी दखल घेतली की मला त्याच्या पाया पडावंसं वाटायचं.

शेफ वसईचे. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला मास्तर. पहिला महिना त्यांनी मला स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं. आल्या दिवशी माशाचं कालवण वाढलं आणि म्हणाले, "खा. इथे लाजलास की उपाशी राहशील, खलास." हे मी विसरलेलो नाही. पुढचं लिहिताना ते आधी लिहून ठेवतो.

दादा तरुणपणी जहाजावर स्वयंपाकी होते. मेक्सिकोच्या एका बंदरात उतरून त्यांनी हातगाडीवर टाको खाल्ला होता आणि तेव्हापासून तो त्यांच्या डोक्यात बसला होता. एकदा दुपारचं काम संपल्यावर कंपनीच्या मेनूतला टाको त्यांनी माझ्यासमोर ठेवला. कुरकुरीत कडक कवच, आत खिमा, वर लेट्यूस, किसलेलं चीज, पांढरा सॉस.

"हे काय आहे, मास्तर?"

"टाको, दादा."

"हे फरसाण आहे. मॉलमधलं." त्यांनी ते कवच बोटांनी मोडून दाखवलं. "गाडीवरचा टाको तळहाताएवढा असतो. मक्याची भाकरी, मऊ. एकावर एक दोन, कारण मटणाचा रस्सा एकीतून गळतो. वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू. चीज नाही, पाला नाही. तुझ्यासमोर भाकरी तव्यावरून उतरते आणि तू उभ्याउभ्या दोन घासांत संपवतोस. पुढे वाकून खायचं, म्हणजे जे सांडायचं ते रस्त्यावर सांडतं, शर्टावर नाही. तो टाको थांबत नाही रे. पाच मिनिटं ठेवला तर मेला."

त्यांच्या बोलण्यातून मला त्याचा वास आला. मी म्हणालो, "मग आपण करत का नाही?"

"भाकरी तुटते," ते म्हणाले.

अडचण खरी होती. चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याचं पीठ पाकिटात मिळायचं. दादा ते मळायचे, दाबायचे, तव्यावर टाकायचे आणि घडी घातली की भाकरी मधोमध चिरायची. मी दोन दिवस बघत होतो. तिसऱ्या दिवशी न राहवून आईला व्हिडिओ कॉल लावला.

आईनं पीठ कॅमेऱ्यात बघितलं आणि लगेच म्हणाली, "विरी गेलीय त्याची. जुनं दिसतंय. आधणाचं पाणी घाल."

ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो, त्याला आमच्याकडे विरी जाणं म्हणतात. मग ते उकळत्या पाण्यात भिजवायचं. ही गोष्ट मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण मक्याच्या पाकिटाला ती लागू पडेल असं माझ्या पदवीला सुचलं नव्हतं.

पुढचे दोन महिने दुपारी दोन ते तीन आमचा तोच उद्योग. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, त्यात आई, इकडे मी आणि दादा. आई ओरडायची, "कड बघ, कड! कड चिरली म्हंजे पाणी कमी." दादा हसायचे, "आई, तुम्ही इथे या, मी तुमच्या हाताखाली कामाला राहतो." आई लाजून पदर नीट करायची. तिनं भाकरीचा भाव विचारला तेव्हा दादा म्हणाले, "तीन टाको अठरा दिरहम. म्हणजे आपले चारशेच्या वर." आई म्हणाली, "एवढ्याशा भाकरीचे? त्यात कोरड्यास तरी देता का?" कोरड्यास म्हणजे आमच्याकडे भाकरीबरोबरचं कालवण.

सगळ्यात महत्त्वाची गोष्टही तिनंच सांगितली. पीठ एकदम मळायचं नाही. एका भाकरीपुरतं घ्यायचं, मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं, मग पुढचं. एसीच्या हवेत मळलेला गोळा अर्ध्या तासात कोरडा पडायचा, म्हणून इथे तर ते फारच खरं होतं. ज्या दिवशी आम्ही तसं केलं त्या दिवशी भाकरी टम्म फुगली, घडी घातली तरी शाबूत राहिली. दादांनी दोन भाकऱ्यांत मटण भरलं, लिंबू पिळलं, आणि आम्ही दोघं सिंकसमोर वाकून तो टाको खाल्ला. दादांचे डोळे भरून आले. "हाच," ते म्हणाले. "मास्तर, हाच तो."

तेव्हाच त्यांनी मला शब्द दिला. मालक शहरातल्या अल रीम आयलंडवर एका टॉवरखाली टाकोचं छोटं दुकान काढायच्या विचारात होते. "तव्यावर तू उभा राहणार. आणि आईला व्हिजिट व्हिसावर घेऊन ये. पहिला टाको तिच्या हातात. सगळ्यांना सांगायचं, ही भाकरी हिची." मी त्याच दिवशी आईला पासपोर्टचा फॉर्म भरायला लावला.

मालकांसाठी सगळी कृती लिहून द्यायची होती. ते काम अर्थातच माझं. मी नवी वही आणली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट कसा लिहायचा ते सरांनी शिकवलं होतं तशीच ती लिहिली : साहित्य, कृती, निरीक्षणं, आकृत्या. भाकरीच्या कडेच्या चिरांचीसुद्धा आकृती काढली. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ, हे सातव्या पानावर लाल शाईनं. आणि पहिल्या पानावर ऋणनिर्देश. आमच्या कॉलेजात तो सगळे एकसारखाच लिहायचे. श्रेय मार्गदर्शकांचं, उणिवा आपल्या. मार्गदर्शकांनी प्रोजेक्ट उघडून पाहिलेला नसला तरीही. मी इंग्रजीत लिहिलं, की या वहीतलं सर्व ज्ञान आदरणीय शेफ यांचे असून मी केवळ लेखनिक आहे. खाली सही केली. लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. आईचा उल्लेख करावा असं मनातही आलं नाही. प्रोजेक्टमध्ये आईचे आभार शेवटी, एका ओळीत मानायची पद्धत होती आणि शेवटचं पान भरून गेलं होतं.

दादांनी वही वाचली, पाठीवर थाप मारली. "आईच्या हातांचा एखादा फोटो आहे का? फाईलला लावू, छान दिसेल." व्हिडिओ कॉलमधला एक मी काढून ठेवला होता. हिरव्या बांगड्या, तळहातावर भाकरी, उजव्या मनगटावर चुलीचा जुना डाग. तो पाठवला.

दुकानाच्या उद्घाटनाला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. आईचा पासपोर्ट अजून यायचा होता. आत शिरलो आणि समोरच्या भिंतीवर तिचे हात दिसले, माझ्याहून मोठे. फोटो काढायला मी फोन वर धरला. मग खालची इंग्रजी ओळ वाचली : आमच्या शेफनी पहिला धडा इथे घेतला, आपल्या आईच्या चुलीपाशी.

दादा मालकांच्या शेजारी उभे राहून पाहुण्यांना सांगत होते. "माय मदर नेव्हर मेजर्ड एनिथिंग. ती म्हणायची, पिठाची विरी गेली." विरी हा शब्दसुद्धा त्यांनी नेला होता. वसईला तांदळाच्या भाकऱ्या करतात. तो शब्द त्यांनी आमच्या फोनमधून घेतला होता. त्यांची नजर माझ्याकडे गेली, आणि ते पुढचं वाक्य न अडखळता बोलले.

नंतर मागच्या बाजूला मी त्यांना गाठलं.

"दादा, ते हात माझ्या आईचे आहेत."

"अरे, मार्केटिंगवाल्यांनी केलं ते. त्यांना स्टोरी लागते. आई ती आई रे, तुझी काय, माझी काय."

"आणि तव्यावर मी उभा राहणार होतो."

"मालकांनी वही बघितली. म्हणाले, हा तर क्लार्क आहे, स्वतःच लिहिलंय त्यानं." त्यांनी माझ्या कॉलरवरचा धागा काढला. "तूच लिहिलंस ना, मास्तर? मी सांगितलं होतं का?"

सांगितलं नव्हतं. हेच मला आजही बोचतं. त्यांनी माझ्याकडून काही हिसकावून घेतलं नाही. मी माझ्या चांगल्या अक्षरात ते त्यांच्या हवाली केलं, आणि ते परत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी मालकांना खरं सांगितलं नाही.

आईला मी काहीच सांगितलं नाही. पण दुकानाचा व्हिडिओ फिरत फिरत चुलतबहिणीच्या फोनवर गेला. आईचा कॉल आला.

"माझंच हात हैत रे हे. डाग बघ की."

"हो."

"मग तो त्याची आई म्हणतोय ते?"

"त्यांची आई गेली, आई. बऱ्याच वर्षांपूर्वी."

"अगं बाई." ती हळहळली. मला वाटलं, झालं, हिनं माफ करून टाकलं. "म्हणू दे मग. हातच हैत, झिजत न्हाईत. पर त्यात तू कुठं हैस? सगळा पिच्चर बघितला, तू कुठंच न्हाईस."

मी नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवला.

दोन-अडीच महिन्यांनी दादांचा फोन आला. "मास्तर, जरा रीमला ये. यल्ला, आत्ताच." आवाज जुनाच, खोलीत ठेवून घेतलं होतं तेव्हाचा. मी गेलो. दुकानात टाको आता डब्यात भरून मोटरसायकलवर जात होते, वर चीजही आलं होतं. तक्रार एकच : भाकरी तुटते. मागे दिवसभराचं पीठ सकाळीच मशीनमध्ये मळून टबात भरलेलं होतं. वरचा थर वाळून पांढरा पडलेला.

"वहीप्रमाणेच करतोय सगळं," दादा म्हणाले. "काय चुकतंय कळत नाही. हात लाव ना जरा. तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

तव्याची धग चेहऱ्यावर आली आणि माझ्या बोटांना राहवलं नाही. मूठभर नवं पीठ घेतलं, आधणाचं पाणी घातलं, दोन भाकऱ्यांपुरतंच, एकामागून एक. दोन्ही फुगल्या. एकावर एक ठेवून मटण, कांदा, कोथिंबीर, लिंबू. दादांनी हात पुढे केला. मी टाको घेऊन काचेचं दार ढकललं आणि बाहेर आलो.

बाहेर ऊन मरणाचं होतं. टॉवरच्या सावलीत फूटपाथवर उभा राहिलो, पुढे वाकलो आणि खाल्लं. रस्सा फूटपाथवर टपटप पडला. त्या दुकानातला रस्त्यावर उभ्यानं खाल्लेला तो पहिलाच टाको असावा.

दादा मागोमाग आले. "काय केलंस वेगळं?"

"सातव्या पानावर आहे. लाल शाईनं."

त्यांनी मान खाली घातली. ते पान त्यांनी उघडलंच नव्हतं की सोयीसाठी सोडून दिलं होतं, मी विचारलं नाही. मग आम्ही सिंकसमोर उभे असायचो तेव्हाच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "कसा झालाय?"

त्यांच्या हाताखाली असल्यापासून या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं : एक नंबर, दादा, तुमच्यामुळे.

"माझ्या आईसारखा नाही झाला," मी म्हणालो, आणि हात पुसत मुसफ्फाच्या बसकडे चालू लागलो.