डावीकडून घातलेली घडी

मागच्या वर्षी मी फादरांशी खोटं बोलले, हे आधीच कबूल करते. प्रभू यरुशलेमात आले त्या आठवणीच्या झावळ्यांच्या रविवारी आम्हाला चर्चमध्ये शिंदीच्या झाडाच्या पात्याचा विणलेला क्रूस मिळतो. तो वर्षभर घरात ठेवायचा आणि पुढच्या राखेच्या बुधवाराआधी परत द्यायचा. ते सारे जाळून त्यांचीच राख कपाळाला लावतात. मी मात्र "आमचा हरवला" म्हणाले. तो माझ्या लुगड्यांच्या पेटीत होता.

त्याआधीच्या दिवाळीनंतर आमचे हे गेले होते आणि तो त्यांनी विणलेला शेवटचा क्रूस होता. कळंबच्या आमच्या लहानशा चर्चसाठी नाल्याकाठची शिंदी तोडून सगळ्यांचे क्रूस हेच विणत. मला शिकवा म्हटलं की म्हणत, "तुले कायले पाह्यजे? मी हावो ना!" त्या 'हावो ना'वर मी भोळी चाळीस वर्षं विसंबले.

मागच्या वर्षीचा झावळ्यांचा रविवार उद्यावर आला, तेव्हा फादर शिंदीचा भारा घेऊन दारात उभे. "मावशी, आता तुम्हीच." नाही म्हणवेना. सकाळभर पाती मोडली, रडले, ह्यांच्यावर चिडले. पेटीतला क्रूस पुढ्यात ठेवला, तरी घडी कळेना. उकलून पाहावा तर वाळलेलं पातं तुटणार. प्रभूचाही राग आला. माणूस नेलास, आता एवढंही ठेवत नाहीस?

तेवढ्यात शिंदीचे फडे विकणारी एक बाई पाणी मागायला आली. मारेगावकडची म्हणाली. माझ्यापुढचा पसारा बघून ती ओट्यावर टेकली.

"सुकलं पान जोरानं उकलशीन तं तुटन, माय. घडीभर भिजू दे."

"माह्या मालकाच्या हातचा हाय वं तो."

"मंग उकलल्याबिगर त्याचा हात कसा समजन तुले?"

मी क्रूस पाण्यात सोडला. पातं मऊ झालं. एकेक घडी सुटत गेली, आणि सगळ्या घड्या डावीकडून! डावखुरा माणूस, उलटंच विणणार की. इतक्या वर्षांच्या बायकोला हे सुचू नये! आतल्या घडीत पातं अजून हिरवट होतं. तिथं मी ओठ टेकवले. संध्याकाळपर्यंत सगळे क्रूस झाले. ती बाई पुन्हा दिसली नाही. तिच्याकडून घेतलेल्या फड्यानं मी रोज अंगण झाडते आणि तिला पाठवणाऱ्याचे आभार मानते.

यंदा ते उकललेलं पातं मी फादरांच्या हाती ठेवलं. "सापडला," म्हणाले. त्यांनी ते जाळायच्या बाकीच्या क्रूसांत ठेवलं. बुधवारी राख लावून वळले, तर रांगेतल्या प्रत्येकाच्या कपाळावर आमचे हे थोडे थोडे होते. मी त्यांना पेटीत कोंडून बसले होते. प्रभूच्या हाती दिले, तेव्हा ते सगळ्यांचे झाले, आणि माझे काही कमी झाले नाहीत.

पुढच्या शनिवारी चर्चमधल्या पोरी शिकायला यायच्या आहेत. त्यांना एकच सांगणार आहे, घडी डावीकडून घाला.