मनुबाईचं न लोळणारं भात

मनुबाई पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आली तेव्हा तिनं नमस्कारही केला नाही. पदराची गाठ सोडली आणि टेबलावरच्या उघड्या फाइलवर पसाभर न कांडलेलं भात ओतलं. मी अनगोळची वासंती, बेळगावच्या कोर्टात पंचवीस वर्षं वकिली करते. माझ्या टेबलावर लोक रडले आहेत, त्यांनी मुठी आपटल्या आहेत, एका म्हाताऱ्यानं तर बोलताना सैल होते म्हणून दातांची कवळी काढून ठेवली होती. पण भात कुणी ओतलं नव्हतं. मी जरा चिडूनच विचारलं, हे काय आहे.

"ह्ये माझं हाय," ती म्हणाली. "माझं हाय असं सरकारकडनं लिवून पायजे."

खानापूर तालुक्यातल्या एका गावची ही बाई. वय साठीच्या आसपास. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. धाकटा दीर रवळू याच्या घरात राहायची. नवऱ्याच्या वाटणीची जमीनही कधीतरी रवळूच्या नावावर चढली होती, कशी ते विचारायचं तेव्हा हिला सुचलं नाही. उताऱ्यावर रवळू आणि चिखलात मनुबाई, असा तो संसार.

ती माझ्याकडं आली त्याच्या अकरा वर्षं आधी ऑक्टोबरात अवकाळी पाऊस झाला आणि भात कापणीच्या तोंडावर आडवं झालं. त्या भागातलं वासाचं भात चवीला राजा, पण देठानं नाजूक. वारा लागला की लोळलंच. सगळं गाव कपाळाला हात लावून बांधावर उभं होतं. मनुबाईला मात्र त्या लोळलेल्या शेतात एकच ठोंब ताठ उभा दिसला. तिनं पदराची किनार फाडून त्याला बांधली. त्याचं बी वेगळं ठेवलं, पुढच्या वर्षी वेगळं पेरलं, वाकडंतिकडं निघालं ते उपटून टाकलं. असं वर्षानुवर्षं. सहाव्या वर्षी अख्खा वाफा उभा राहिला, दाण्याच्या टोकाला जांभळा ठिपका, आणि भात शिजलं की वास शेजारच्या घरात. बायका त्याला 'मनूचं' म्हणू लागल्या. मागेल तिला ती सूपभर बी द्यायची. त्या बायकाही सूप रिकामं परत करत नसत, आपल्याकडचं मूठभर काहीतरी घालूनच देत, कारण रिकामं भांडं परत करायचं नसतं.

इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाजारातला बियाणांचा दुकानदार चिंतामणी यानं हेच भात पिशवीत भरलं, पिशवीवर सोनेरी अक्षरांत 'चिंतामणी सुगंधी' छापलं आणि वर रवळूला भेटून सांगितलं की आपण याची रीतसर नोंदणी करू, शोधणारा शेतकरी म्हणून तुमचं नाव घालू, फोटोसुद्धा छापू. रवळू हुरळला. आणि मनुबाई सकाळच्या बसनं बेळगावला आली.

मी कायदा काढून वाचला. शेतकऱ्यानं निवडून तयार केलेल्या वाणाची नोंदणी करता येते. एकदा झाली की ते बी नाव घालून विकायचा हक्क त्या शेतकऱ्याचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बी द्यायला, घ्यायला, पेरायला कुणाला आडकाठी नाही. पिशवीवर छाप मारून धंदा मात्र परवानगीशिवाय करता येत नाही. तिला हे सांगितलं तर तिनं मान डोलावली, जणू कायदा तिनंच सांगून लिहून घेतला होता.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट प्रामाणिक होणार नाही. अर्ज मी भरला आणि अर्जदाराच्या रकान्यात उताऱ्यावरून उतरवून सरळ रवळूचं नाव टाकलं. हाताची सवय. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून म्हणाली, वाचून दाखवा. मी वाचलं.

"वकीलबाई, शेत भावजींचं आसंल," ती म्हणाली. "पर त्या शेतात वाकून बगितलं कुणी?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आयुष्यभर बायकांचे खटले लढवल्याचा मोठेपणा मिरवणारी मी! तो कागद मी तिच्यासमोर फाडला आणि नवा अर्ज घेतला. अर्जदार: मनुबाई. वाणाचं नाव: मनूचं भात.

अर्जाला पंचायतीचा दाखला लागत होता. तिथल्या साहेबांनी कन्नडमध्ये समजावलं की जमीन जिच्या नावावर नाही तिला शेतकरी कसं म्हणायचं. मी त्यांना कलम दाखवलं, त्यात स्वतःच्या हातानं कसतो तो शेतकरी, उताऱ्याचा शब्द नाही. रवळू तिथंच होता. त्यानं चारचौघांत विचारलं, "शेत माझ्या नावावर हाय, मग भात कुणाचं?"

पंचायतीच्या अध्यक्ष अंबुबाई. त्यांनी बाई असून बाईची बाजू घेतली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण त्यांनी घेतली नाही. त्या फक्त म्हणाल्या, चला शेतात. सप्टेंबरचे दिवस, पोटऱ्यात आलेलं भात, हिरवं रान. एका वाफ्यात जुनं वाण, शेजारी मनूचं. लोंब्या बाहेर पडलेल्या नव्हत्या, त्यामुळे ठिपका दिसायचा प्रश्न नव्हता. अंबुबाईंनी रवळूला विचारलं, यातलं तुमचं नवं भात कुठलं. रवळू दोन्हीकडं बघत राहिला आणि ठामपणे चुकीच्या वाफ्याकडं बोट केलं. मनुबाई खाली वाकली, दोन्हीकडचा एकेक देठ बोटांत दाबून अंबुबाईंच्या हातात दिला. एक लव्हाळ्यागत मऊ, दुसरा कडक. दाखल्यावर सही झाली. रवळूनं त्या दिवसापासून अबोला धरला.

कापणीनंतर नोंदणी कार्यालयाला तपासणीसाठी बियाचा नमुना पाठवायचा होता. पिशवी मनुबाईनं घरीच शिवून आणली, मी पत्ता घातला आणि पाठवली. फेब्रुवारीत पत्र आलं: नमुन्यात हळद, कुंकू आणि गव्हाचे पाच दाणे सापडले, बी शुद्ध आणि काहीही न लावलेलं असावं लागतं, सबब नमुना नाकारला, एकवार पुन्हा पाठवता येईल.

मी कपाळावर हात मारला. फोन करून तिला झापलं, हे काय करून ठेवलंस.

"ओटी भरली की," ती म्हणाली. "पैल्यांदाच घर सोडून एवढ्या लांब चाललंतं. तसंच कसं धाडू?"

मी म्हटलं, बाई, आता कणगीतलं दुसरं बी काढ आणि ओटीबिटी काही न भरता आण. मग तिनं सांगितलं. ती आदल्या आठवड्यात बहिणीकडं संकेश्वरला गेली होती. परत आली तर कणगी रिकामी. रवळूनं सगळं बी चिंतामणीच्या टेंपोत भरून दिलं होतं. आता बी नाही म्हणजे अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणजे पुढच्या हंगामात चिंतामणी नोंदणीला मोकळा.

मला वाटलं, संपलं. मी तसं म्हणालेही. अकरा वर्षांचं काम टेंपोत गेलं तर मी तरी मोडून पडले असते. तिनं मात्र त्याच दिवशी भांडीकुंडी उचलून परसातल्या खोलीत वेगळी चूल मांडली आणि रिकामं सूप घेऊन गावात निघाली. रुक्माबाई, मालुबाई, बाळाबाई, ज्यांना ज्यांना बी दिलं होतं त्या प्रत्येकीच्या दारात. "माझं मला परत द्या," एवढंच म्हणायची. कुणी पसाभर दिलं, कुणी शेरभर.

पण ते बी निर्मळ कुठलं? इतकी वर्षं त्या घरांतून सुपं फिरली होती, मुठी मिसळल्या होत्या. मी शनिवारी गेले तर रुक्माबाईच्या पडवीत अकरा बायका ताटं घेऊन बसलेल्या. एकेक दाणा बोटावर घेऊन, टोकाचा जांभळा ठिपका बघून, बरा तो इकडं, शंकेचा तो तिकडं. मनुबाई निवडलेलं पुन्हा निवडत होती. मलाही एक ताट मिळालं. तासाभरात माझ्या ताटातून तिनं सात चुकीचे दाणे काढून माझ्यासमोर ठेवले, वकील म्हणून काही सूट दिली नाही. रवळू दारावरून दोनदा गेला. एकीनंही मान वर केली नाही. मला त्या पडवीत फार बरं वाटलं, इतकं की कोर्टात जिंकूनसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पिशवी भरली. या वेळी शिवण मी स्वतः बघितली. हळद नाही, कुंकू नाही. पोस्टात पिशवी काउंटरवर ठेवताना मनुबाईनं क्षणभर तिच्यावर तळवा टेकला आणि म्हणाली, "ह्या खेपंला तशीच जा. परत यायचं न्हाय."

दोन हंगाम नोंदणी कार्यालयानं ते आपल्या शेतात पेरून बघितलं. मग वाण जाहीर झालं, हरकतीसाठी मुदत होती. चिंतामणीनं हरकत घेतली नाही. घेतली असती तर ते बी त्याला मिळालं कुठून हे लिहून द्यावं लागलं असतं. दरम्यान मनुबाई रुक्माबाईच्या वाफ्यात बी वाढवत होती आणि रवळूच्या शेतात चिंतामणीच्या पिशवीतलं भेसळीचं भात दर ऑक्टोबरला लोळत होतं.

प्रमाणपत्र गेल्या एप्रिलमध्ये आलं. मी ते घेऊन गावी गेले. तिनं हातात घेतलं नाही, आधी म्हणाली, नाव वाचा. मी वाचलं. पुन्हा वाचा म्हणाली. मी तीन वेळा वाचलं.

मेमध्ये पावसाआधी कोरड्या मातीत होणाऱ्या धूळवाफ पेरणीच्या आधी मी पुन्हा तिच्याकडं होते. दारात रवळू आला. हातात रिकामं सूप. तीन वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता. नुसतं सूप पुढं केलं. ती उठली नाही.

"कुणाचं बी मागाय आलासा, भावजी?"

रवळूनं माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. बाहेर रुक्माबाई पाणी भरायची थांबली होती.

"तुमचं, वैनी," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला. रुक्माबाईला आयकू यिना."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. मग मनुबाई उठली, कणगीचं झाकण काढलं आणि त्याचं सूप शिगोशीग भरून दिलं.