पुण्याचं की चिपळूणचं?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर माझी बायको हसू देणार नाही. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण बोहल्यापर्यंत पोचलेला हा एकच!

झालं काय, आमची जुनी गाडी सासुरवाडीची घाटी चढेना. सासुरवाडी देवरूखच्या पुढे, डोंगरात. घाटीच्या मध्यावर गाडी हमखास हाय खाणार, मग बायकोने डबे घेऊन उतरायचं आणि उरलेला चढ पायी चढायचा. "या गाडीपेक्षा एसटी बरी," ती म्हणायची. लागलं ना मनाला!

ठरवलं, आता डिझेलचीच घ्यायची. सेकंडहँड का होईना, पण घरातली सगळी माणसं बसवून वर जाणारी.

दोन मिळाल्या. एक पुण्यात, एक चिपळुणात. आणि माझी झोप उडाली. पुण्याच्या इंजिनाची ताकद एकशे सव्वीस घोड्यांची, पण टॉर्क येतो मिनिटाला एकोणीसशे फेऱ्यांनंतर. चिपळूणचं नव्वदच घोड्यांचं, पण पंधराशेलाच ओढायला तयार. टॉर्क म्हणजे काय माहितेय ना? ताकद म्हणजे बैल सपाटीवर किती पळतो. टॉर्क म्हणजे चिखलात रुतलेली गाडी पहिल्या हिसक्यात काढतो की नाही. ओढ हो, ओढ!

चार महिने मला बूड टेकवता येईना. जेवताना टॉर्क, शाळेत टॉर्क. संध्याकाळी आमच्या इथल्या भाट्याच्या पुलावर येरझाऱ्या घालत मी मित्रांना आलेख समजावून सांगायचो. ते लांबून मला बघून रस्ता बदलायला लागले.

अशातच एकदा बायको म्हणाली, "अहो, सायलीला दोन स्थळं आलीत. बाबा तुमचं मत विचारणार आहेत." सायली म्हणजे माझी मेहुणी आणि बाबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो. मी मोबाईलवर इंजिनाचा व्हिडिओ बघत होतो. मी म्हणालो, "हं."

या एका 'हं'ने घात केला.

गुरुवारी मामांचा फोन. गावात रेंज नाही, ते सड्यावर, डोंगरावरच्या उघड्या कातळावर, चढून बोलतात. त्यामुळे मोजकं आणि मोठ्याने.

"जावयबापू, त्या दोनांचं काय ता सांगा. तुमच्या इचाराबिगर फुडं जायाचं नाय. पुन्याचं कसं वाटतं?"

बघा, माणसाला केवढी आस्था! मला भरून आलं.

"पुण्याचं दिसायला झकास आहे मामा. पण चढावर दम टाकतं."

"दम टाकतं?"

"सुरुवातीला ओढच नाही हो. शिवाय पाच वर्षं डॉक्टरकडे होतं."

मला वाटलं, रेंज गेली.

"आन पिन्याबिन्याचं?" मामांचा आवाज खाली आला होता.

"पुण्याचं जरा जास्तच पितं. शहरात तर विचारूच नका! चिपळूणचं माफक. न पिणारं कुठून आणायचं मामा?"

"ता बाकी खरं हाय," मामा म्हणाले. शिमग्यात त्यांचंही माफक असतं.

"चिपळूणचं दिसायला बेताचं, आवाज खरखरीत. पण एका मास्तरांच्या हाताखालचं आहे, शिस्तीतलं. आणि ओढ काय विचारता!"

"मंग चिपळूनचं पक्कं?"

"डोळे मिटून! फक्त एकदा लोड देऊन घाटी चढवून बघू."

"लोड देऊन?" मामांनी पुन्हा विचारलं. "बरं. तुमी मनता तर चढवू."

आता मला सांगा, यात माझी काय चूक? गाडी म्हणालो असतो तर 'ती', मामा मुलगा म्हणाले असते तर 'तो'. पण इंजिनही 'ते' आणि स्थळही 'ते'! मी शाळेत मराठी व्याकरण शिकवतो. त्या नपुंसकलिंगाने माझा असा सूड घेतला.

रविवारी आम्ही दोघं गेलो. नेहमीप्रमाणे गाडी मध्यावर थांबली. उतरून चालायला लागलो, तर पुढे एक तरुण. इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट आणि खांद्यावर तांदळाची गोणी! घामाने निथळत, पण न थांबता चढत होता. वर अंगणात मामा कमरेवर हात ठेवून उभे.

"कोण हो हा?" मी विचारलं.

बायको जागीच थांबली. "अहो, हा तर चिपळूणचा मुलगा! याचा फोटो आलाय घरी!"

चिपळूणचं... पिण्याबिण्याचं... लोड देऊन... सगळा फोन डोक्यात उलटा वाजायला लागला. खरं सांगतो, तिथूनच खाली पळत सुटावं असं वाटलं.

अंगणात पोचलो. मामांनी माझा हात धरला. "पास! येकदा पन गोनी खाली ठेवली नाय. मी त्याला बोल्लो, खाली गोनी हाय, येताना जरा आना. तुमचा शबुद पाळला. आन पुन्याला कालच नकार कळवला."

"काय कळवलंत?"

"खरं ताच. दमा हाय, पाच वर्सं डाक्टर चालू, आन पितो."

मी मटकन ओटीवर बसलो. एका परक्या घरातल्या धडधाकट मुलाला मी आजारी केला होता, दारुडा केला होता. आणि सायलीचं लग्न? हा गोणीवाला उद्या गावभर सांगेल, की त्या घरात मुलगी देण्याआधी हमाली करून घेतात. तिचं जमणार कसं?

लपवून चालणार नव्हतं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मग सड्यावर गेलो आणि पुण्याला, मुलाच्या वडिलांना फोन लावला.

"आमचा मुलगा रोज सकाळी पर्वती चढतो!" ते गरजले. "सुपारीसुद्धा खात नाही!"

"हो हो, मी गाडीबद्दल बोलत होतो. सेकंडहँड..."

"म्हणजे आता आमचा मुलगा सेकंडहँड?"

अर्धा तास मी त्यांना टॉर्क समजावला. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या घरात आमची सोयरीक झाली नाही हीच देवाची कृपा," आणि फोन ठेवला.

परत आलो तर सगळे ओटीवरच होते. चिपळूणचा मुलगा पाठ चोळत बसलेला. मी हात जोडले. "माफ करा हो, सगळं माझ्यामुळे."

"छे छे," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमच्याकडची रीत असेल."

तेवढ्यात सायली चहा घेऊन आली. पहिला कप त्याच्यासमोर ठेवला आणि मामांकडे बघून म्हणाली, "बाबा, पुण्याला परत फोन करू नका. मला हेच पसंत आहे." आमच्या सायलीचा आवाज एवढा ठाम मी कधी ऐकला नव्हता. तो मुलगा लाजून थेट माझ्याकडेच बघायला लागला.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"असूंदे जावयबापू, मनाला लावून घेऊ नका. चुकून का होयना, पारख बरोबर केलीत. आमच्या थोरलीच्या येळेला असा चुकून पारखनारा पन कोन भेटला नाय आमाला!"

सगळे खो खो हसले. थोरली म्हणजे आमची ही. ती हसली नाही. तिने माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली.